एक भाग दिसतो

आमच्या भिंतींना खवले आहेत.
आलेर्से लाकडाचे, वीतभर रुंद,
खालचं टोक अर्धगोल तासलेलं,
वरच्या ओळीनं खालच्या ओळीचे खिळे झाकलेले.
चिलोए बेटावर घराच्या अंगात हेच घालतात,
कारण पाऊस इथे वरून पडत नाही.
आडवा येतो, ओळखीच्या माणसासारखा,
दार न वाजवता.

बाबा म्हणायचे, तेहुएला तीन भागांची असते.
एक भाग दिसतो,
दोन भाग शेजारणींच्या खाली.
मेहनत मात्र तिन्हींची.

बेलार्मिनो चिग्वाय त्यांचं नाव.
ओंडक्याला आधी कान लावायचे,
मग रेषेच्या कलानं एकाच घावात फळी सोलायचे.
त्यांच्या कोपरांवरही खपल्या होत्या,
चंदेरी, थरावर थर,
थंडीत वाढायच्या, उन्हाळ्यात झडायच्या.
आई रात्री मेंढीची चरबी चोळायची
आणि सकाळी चादर झटकताना पुटपुटायची,
"मी माणसाशी लग्न केलं की मासळीशी?"
बाबा हसायचे.
पण पाहुणे आले की
आधी बाह्या खाली ओढायचे, मग हात पुढे.

मी साल्मनच्या कारखान्यात. रात्रपाळी.
पट्ट्यावरून मासे येतात, एका मापाचे,
मासा कुठे सुरू होतो ते बोटांना आता बघावं लागत नाही.
तपासणीला आलेल्या ओरियानानं एकदा
एक खवला भिंगाखाली धरून दाखवला.
आत वर्तुळं. खोडात असतात तशी.
"मोकळ्या माशाचा हिवाळा इथे दाटतो, रेषा जवळ येतात.
हा पिंजऱ्यातला. याला वेळच्या वेळी खायला मिळालं.
बघ, याला हिवाळाच नाही."
मी पुढच्या माशाला हात घातला.
पट्टा थांबत नाही.

बाबा गेले त्या वर्षी समुद्र तीन हात आत आला.
आईनं घर हलवायचं ठरवलं.
सामान नव्हे. घर.
इथे ते होतं, मिंगा म्हणतात त्याला:
गाव जमतं, खाली ओंडके सरकवतं,
बैलांच्या बारा जोड्या, दोर, शिव्या, सफरचंदाची दारू,
आणि भरतीला घर पाण्यात लोटून
होड्यांनी ओढत नेतात पलीकडच्या बेटावर.
मजुरी नाही. शेवटी सगळ्यांना मटण-बटाटे,
आणि पुढचं घर हलेल तेव्हा
तुमचे खांदे.

भरती पहाटे साडेचारला.
घर पाण्यात उतरलं तेव्हा कुणीच ओरडलं नाही.
पाणी उंबऱ्यापर्यंत, मग खिडकीच्या कडेपर्यंत,
आणि मग ते तरंगलं,
जरा डावीकडे कलून, लग्नातल्या दारूड्या मामासारखं.
ओलं लाकूड फुगतं, फटी मिटतात.
मी होडीतून बघत होते, ओळीमागून ओळ
भिंत अंग आवळून घेत होती.
"याला पोहायला कुणी शिकवलं?" आई म्हणाली,
आणि स्वतःचंच कोपर चोळत राहिली,
बराच वेळ,
चरबी लावावी तसं.

पलीकडे पोचलो तेव्हा दक्षिणेच्या भिंतीतल्या नऊ गळालेल्या.
आलेर्से तोडायला कधीचीच बंदी.
फेर्मीनकाकानं जस्ताचा पत्रा दिला, वाकलेला, पण दिला.
त्याला जागा करताना
एक सैल तेहुएला हातात आली.
दिसायचा तो भाग राखेसारखा करडा.
झाकलेले दोन भाग मधाच्या रंगाचे,
कालच तासल्यासारखे. वासही होता.
मागे पेन्सिलीनं बाबांचं अक्षर: ४१२.
ते खोडून, ४१३.
मोजायला चुकले होते तर.

वरचं टोक खाली करून लावायचा मोह झाला.
नाही लावली.
करडी बाजू पावसाकडे, पूर्वीसारखीच.

पत्रा ठोकताना मनगटावर काहीतरी चमकलं.
कारखान्यातला खवला, कालच्या पाळीचा,
दोनदा हात धुऊनही राहिलेला.
खाली फेर्मीनकाका शिडी धरून उभे.
पाऊस आडवा सुरू झाला होता.
मी बाह्या खाली ओढल्या नाहीत.